जीर्णोद्धार, तिरुप्पणि, पुनरुज्जीवन : कुंभकोणम्‌च्या संदर्भात एक शब्दविचार

जुन्याला पुन्हा उभे करण्याच्या क्रियेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. डागडुजी, दुरुस्ती, जीर्णोद्धार, नूतनीकरण, पुनर्बांधणी, जतन, पुनरुज्जीवन हे शब्द लेखनात सर्रास एकमेकांच्या जागी योजले जातात. वस्तुतः त्यांतील प्रत्येक शब्दात एक गृहीतक दडलेले असते : काय झिजले, काय टिकून आहे आणि हात लावण्याचा अधिकार कोणाचा. या गृहीतकांची तपासणी करण्यास कावेरीकाठचे कुंभकोणम् हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत ते तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात मोडत होते आणि तमिळ, संस्कृत व मराठी या तिन्ही भाषांचा व्यवहार त्या परिसराने पाहिला आहे.

गावाचे नावच नवनिर्मितीच्या कथेशी निगडित आहे. प्रलयाच्या वेळी सृष्टीची बीजे व अमृत ज्यात सुरक्षित ठेवले होते तो कुंभ येथे येऊन टेकला आणि किराताच्या वेषातील शिवाने बाण मारून तो फोडला, असे स्थलपुराण सांगते. या कथेत नव्याचा आरंभ जपलेल्या बीजातून होतो. परंतु बीज जपणारे पात्र मात्र फुटावे लागते. जतन आणि विसर्जन यांचा हा संबंध पुढील शब्दविचाराला उपकारक आहे.

मंदिराच्या कामासाठी तमिळमध्ये ‘तिरुप्पणि’ हा शब्द रूढ आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री, पवित्र. ‘पणि’ म्हणजे काम, सेवा. या शब्दात ‘जीर्ण’ नाही आणि ‘नवे’ही नाही, आहे ती केवळ सेवा. मूर्ती पीठाशी सांधणारे अष्टबंधन कालांतराने झिजते, म्हणून साधारणतः बारा वर्षांनी ते नव्याने घालण्याची प्रथा आहे. कामाच्या काळात देवतेचे सान्निध्य बालालयात हलविले जाते आणि शेवटी मंत्रित कुंभजलाने शिखरकलशाला अभिषेक होतो. हाच कुंभाभिषेक, तमिळमध्ये ‘कुडमुळुक्कु’. येथे झीज हा अपघात नसून कालचक्राचा अपेक्षित टप्पा आहे.

‘जीर्णोद्धार’ या शब्दाची घडण याहून गुंतागुंतीची आहे. ‘उद्धार’ म्हणजे संकटातून वर काढणे, हा अर्थ मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. विधिग्रंथांत मात्र ‘उद्धार’ म्हणजे जागेवरून उपटून काढणे असाही अर्थ येतो. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधीत जीर्ण मूर्ती काढून तिचे विसर्जन करावे आणि त्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती बसवावी, असे विधान आहे. म्हणजे एकच शब्द जुन्याला वाचवितो आणि जुन्याला निरोपही देतो. निरोपाची ही मोकळीक मात्र मापाच्या व द्रव्याच्या मर्यादेने बांधलेली होती. आधुनिक वापरात मोकळीक उरली आणि मर्यादा गळाली. मूळ वास्तू पाडून संगमरवरी वा काँक्रीटची नवी इमारत उभारली, तरी तिला जीर्णोद्धारच म्हटले जाते.

ही केवळ शब्दकोशाची तक्रार नव्हे. दक्षिणेत मंदिराची भिंत हा दस्तऐवज असतो. भोसले वंशाची बखर १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजींच्या काळात तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरली गेली. दगड बदलला असता तर मजकूरही गेला असता. कुंभकोणम्‌लगतच्या दारासुरम् येथील ऐरावतेश्वर मंदिर २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालील अशा वास्तूबाबत ‘जतन’ हा शब्द वापरला जातो. जतनाला मूळ द्रव्य महत्त्वाचे, तर तिरुप्पणीला अखंड सेवा. दोन्हींची निष्ठा खरी आहे; परंतु ‘जीर्णोद्धार’ या एकाच शब्दाखाली दोन्ही झाकल्या की दगडाला कोणी वाली उरत नाही.

वास्तूंपुरते हे सीमित नाही. मराठी समीक्षेने ‘प्रबोधन’ आणि ‘पुनरुज्जीवन’ यांत भेद केला : पहिल्यात जागृती, दुसऱ्यात गतकाळाकडे परतणे. हा विवेक तंजावरी मराठीविषयी बोलताना सुटतो. कावेरीच्या खोऱ्यातून पुढे अन्यत्र विखुरलेल्या कुटुंबांत ही बोली तमिळच्या सहवासात बदलत पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली आहे. तिच्या ‘पुनरुज्जीवना’ची भाषा करणे म्हणजे बोलणारी माणसे समोर असताना ती मेली असे गृहीत धरणे होय. पुण्याच्या प्रमाण मराठीकडे तिला वळविणे हा तर मापही बदलणारा आणि द्रव्यही बदलणारा जीर्णोद्धार ठरेल. या बोलीला हवी आहे ती तिरुप्पणि : तिचे शब्द, म्हणी, घरगुती पत्रव्यवहार व उच्चार आहेत तसे नोंदविणे आणि घरात ती बोलली जाईल असे पाहणे. शब्द चुकला की कामाची दिशा चुकते. म्हणून नूतनाचा कोणताही संकल्प सोडण्यापूर्वी आपण काय जीर्ण ठरवीत आहोत, हे तपासणे अगत्याचे आहे.