जागा देणारा धर्म
(हमीद दलवाई यांच्या 'इंधन'च्या निमित्ताने)

कोकण रेल्वेने गोव्याकडे जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना रोहा मागे पडल्यावर वीर हे स्थानक लागते. १९९३ साली रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून महाड-पोलादपूरचा प्रवासी येथे उतरू लागला. वीरहून महाडकडे निघाले की वाटेत सावित्रीच्या खाडीकाठचे दासगाव लागते. २५ डिसेंबर १९२७ रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, 'पद्मावती' बोटीने आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी याच दासगाव बंदरात उतरले आणि तेथून पाच मैलांची वाट चालून महाडला पोहोचले. तेथे परिषद भरायची होती. पण परिषदेच्या मांडवासाठी गावात कोणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. त्याच जागेवर त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

याआधी नऊ महिने, २० मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला होता. हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली आणि लाठ्या बाहेर पडल्या. जीव घेऊन पळणाऱ्यांपैकी काहींना तेव्हा महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. नाताळच्या कथेत उतारशाळेत जागा न मिळालेल्या दांपत्याचे स्मरण दरवर्षी करणाऱ्या आपणांस या घटनेचा अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही.

इस्लाममधील परधर्मसहिष्णुतेचा विचार करताना आपण बहुधा दोन टोकांपैकी एक टोक धरतो. एक पक्ष म्हणतो, इस्लामला दुसऱ्या धर्माशी जुळवून घेणे ठाऊकच नाही. दुसरा पक्ष कुराणातील चार वचने पुढे ठेवून, इस्लाम म्हणजे मूर्तिमंत सहिष्णुता, असे सांगून मोकळा होतो. दोन्ही पक्षांना पुस्तक दिसते, माणूस दिसत नाही. मराठीत हा माणूस ज्या लेखकाने निर्भयपणे दाखवला, त्या हमीद दलवाई (१९३२-१९७७) यांच्या 'इंधन' या कादंबरीकडे म्हणूनच पुन्हा वळावेसे वाटते.

दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 'इंधन' १९६५ साली प्रसिद्ध झाली. दिलीप चित्रे यांनी पुढे ती इंग्रजीत नेली. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला, धर्मावरची श्रद्धा सुटलेला एक मुसलमान या कादंबरीचा निवेदक आहे. गावात हिंदू आणि मुसलमान पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत आले आहेत. त्या शेजाराच्या पोटात जुनी मालकी, नवा हक्क, स्त्री-पुरुषांचे चोरटे संबंध, मानापमान हे सारे साठत गेलेले असते. एक दिवस ठिणगी पडते आणि सारे भडकते. शीर्षकाचे मर्म येथे आहे. धर्म ही काडी असेल. जळण मात्र माणसांनी आपापल्या परसात रचून ठेवलेले असते. दलवाई आपल्या समाजाला झाकत नाहीत आणि दुसऱ्या समाजालाही सूट देत नाहीत. साध्या, कोरड्या निवेदनातून गावाचे फाटत जाणे ते नोंदवतात. मराठी कादंबरीत मुसलमान बहुधा खलनायक म्हणून यायचा, किंवा मग दिलदार शेजारी म्हणून. 'इंधन'मध्ये तो प्रथमच आपल्यासारखा, गुणदोषांसह घरात वावरणारा माणूस झाला. हे या कृतीचे फार मोठे श्रेय होय.

तथापि एक उणीव जाणवते. या कादंबरीत ज्याला शहाणपण आहे त्याला श्रद्धा नाही. श्रद्धा राखून, किंबहुना श्रद्धेमुळेच, दुसऱ्याला जागा देणारा मुसलमान तेथे ठसठशीतपणे उभा राहत नाही. महाडचा फत्तेखान 'इंधन'च्या गावात भेटत नाही. हा केवळ कलेचा प्रश्न नव्हे. तो दलवाईंच्या विचाराचाच भाग आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेणारे आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापणारे दलवाई धर्मग्रंथाच्या नव्या अर्थावर फारसे विसंबून राहू इच्छित नव्हते. नागरिकाचा हक्क ग्रंथातून सिद्ध करण्याची पाळीच का यावी, असा त्यांचा रोख होता.

याच्या उलट वाट मौलाना आझादांची. १९३०च्या सुमारास प्रकाशित होऊ लागलेल्या आपल्या कुराणभाष्यात त्यांनी दीन आणि शरीअत यांत भेद केला. ईश्वराला शरण जाणे व सत्कर्म करणे हा दीन सर्वांचा एकच; विधी आणि नियम मात्र काळाप्रमाणे व लोकांप्रमाणे निराळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याला कुराणात आधार आहे. धर्मात बळजबरी नको, हा आशय दुसऱ्या अध्यायात येतो. देवाने मनात आणले असते तर सर्वांचा एकच समाज केला असता. तसे केले नाही ते तुमची पारख व्हावी म्हणून, तेव्हा सत्कर्मात एकमेकांशी चढाओढ करा, असा आशय पाचव्या अध्यायात येतो. मुंबईत दीर्घकाळ काम केलेले असगर अली इंजिनिअर (१९३९-२०१३) हे याच वाटेने गेले आणि त्यापायी त्यांनी आपल्या बोहरा जमातीचा बहिष्कार सोसला.

वचने अशी उदार असली, तरी इतिहास सर्वत्र तेवढाच उदार नव्हता. मुस्लिम राज्यांत ख्रिस्ती व यहुदी प्रजेला संरक्षण मिळे, उपासनेची मुभा मिळे. पण जिझिया भरून आणि दुय्यम दर्जा पत्करून. ओसरीवर बसवणे निराळे आणि माजघरात घेणे निराळे. मध्ययुगीन सहिष्णुता ही पुष्कळदा ओसरीची सहिष्णुता होती. मात्र हे म्हणताना आपला हातही छातीवर असू द्यावा. अकबराने १५६४ साली जिझिया उठवला आणि १५८० मध्ये गोव्याहून आलेल्या फादर रुडॉल्फ अक्वाविवा आदी येशूसंघीय धर्मगुरूंना फत्तेपूर सिक्रीत मानाने ठेवून घेतले. त्या वेळी ज्या गोव्यातून ते निघाले, तेथे १५६० पासून धर्मन्यायासन सुरू होते आणि ते १८१२ पर्यंत चालले. त्या काळी मोगल दरबारात परधर्मीयाला जी जागा होती, ती आपल्या गोव्यात नव्हती, हे आपण मान्य करायला हवे.

महाडच्या घटनेलाही दुसरी बाजू आहे. १९३४ साली वेरूळची लेणी पाहायला निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सोबती दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. रमजानचा महिना होता. दाराजवळच्या हौदात त्यांनी हातपाय धुतले, आणि यांनी पाणी बाटवले म्हणून तेथील मुसलमान अंगावर धावून आले. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, असे बाबासाहेबांनी त्यांना विचारले. अखेर पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. महाड आणि दौलताबाद यांत सात वर्षांचे अंतर. धर्म तोच, ग्रंथ तोच. एका ठिकाणी मांडवाला जागा मिळाली, दुसऱ्या ठिकाणी हौदाचे पाणी नाकारले गेले.

याच आठवणींत बडोद्याचा प्रसंग आहे. राहायला घर मिळेना, म्हणून बाबासाहेबांनी आपल्या एका ख्रिस्ती मित्राकडे विचारणा केली. पत्नी गावाहून आली की तिचे मत घेऊन सांगतो, असे उत्तर मिळाले. ते दोघे मूळचे ब्राह्मण कुटुंबातले. धर्म बदलला, पण जुनी शिवाशिव सुटली नव्हती. हे वाचताना आपली मान खाली जाते. दौलताबादचा हौद आणि बडोद्याचे ते ख्रिस्ती घर यांत फार अंतर नाही.

मग निष्कर्ष काय? सहिष्णुता हा कोणत्याही धर्माचा जन्मजात गुण नव्हे आणि असहिष्णुता हा जन्मजात रोगही नव्हे. ग्रंथ दार दाखवतो. दाराची कडी माणसाच्या हातात असते. येथे दलवाई बरोबर ठरतात: जळण साठू द्यायचे नसेल तर मालकी, हक्क आणि स्त्रियांची स्थिती यांकडे पाहिले पाहिजे, नुसत्या वचनांकडे पाहून भागणार नाही. पण आझाद आणि इंजिनिअर यांचेही चुकत नाही. सामान्य श्रद्धावंत माणूस श्रद्धा टाकून शेजाऱ्याकडे जाणार नाही. श्रद्धेनेच त्याला तिकडे पाठवायला हवे. कायद्याने हक्क मिळतो, हे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला तेव्हा दिसले. पण निकाल लागेपर्यंतची दहा वर्षे माणसाने उभे कोठे राहायचे? त्या काळात फत्तेखानाची जागाच कामी येते.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. इस्लामच्या आरंभकाळात, सुमारे इसवी सन ६१५ मध्ये, मक्केतून छळ होऊन निघालेल्या पहिल्या मुसलमानांना हबशी देशाच्या ख्रिस्ती राजाने आसरा दिला होता. त्यांच्या तोंडून मरियेची कथा ऐकून त्याचे डोळे पाणावले, असे मुस्लिम परंपराच सांगते. ज्या १९६५ साली 'इंधन' निघाली, त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र प्रसिद्ध केले आणि मुसलमानांविषयी आदर व्यक्त करून जुनी भांडणे मागे टाकण्याचे आवाहन केले. पुढे ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबी येथे पोप फ्रान्सिस आणि अल अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर एकत्र सह्या केल्या. धर्माचे वैविध्य हे ईश्वराच्या इच्छेतले आहे, असे त्यात म्हटले आहे. त्या विधानावर आपल्या चर्चमध्ये वादही झाला. तो होणारच, ज्याला आपली श्रद्धा सत्य वाटते, त्याला ही गोष्ट सोपी जाणार नाही. फत्तेखानालाही आपला धर्म सत्यच वाटत असणार. तरी त्याची जागा परिषदेला मिळाली.

दलवाईंची कादंबरी आज वाचताना म्हणूनच दोन गोष्टी कराव्यात. तिच्यातील गावात आपले गाव ओळखावे. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत, आपल्या सोसायटीत कोणते जळण साठते आहे ते पाहावे. मुसलमान कुटुंब भाड्याने घर विचारायला आले असता 'घरात विचारून सांगतो' हे उत्तर आपल्याही तोंडी आले होते काय, हे आठवावे. आणि कादंबरीत जो माणूस नाही, त्याची उणीव आपल्या वागण्याने भरून काढावी. येत्या नाताळात गोठा सजवताना महाडच्या त्या मांडवाची आठवण झाली, तर हे वाचन वाया गेले नाही असे समजावे.