हार्वेच्या पुस्तकातला हात

विल्यम हार्वेचे हृदय व रक्त यांच्या गतीविषयीचे लॅटिन पुस्तक १६२८ साली फ्रँकफुर्टला छापले गेले. पाने जेमतेम ७२, आणि मुद्रणदोष पुष्कळ. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘हार्वेने रक्ताभिसरणाचा शोध लावला’ एवढ्या वाक्यात ते उरकते. इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहेत. विज्ञानशिक्षकांनी निदान तेरावे प्रकरण तरी वाचावे, असे आम्हांला वाटते.

त्या प्रकरणासाठी दिलेली चार चित्रे प्रसिद्ध आहेत. दंडाला पट्टा बांधलेला हात, त्यावर फुगलेल्या शिरा आणि शिरांवर मध्ये मध्ये गाठी. गाठी म्हणजे झडपांच्या जागा. हार्वेचे पादुआतील गुरू फॅब्रिशियस यांनी १६०३ साली झडपांवर पुस्तक काढले होते, त्यातील चित्रावर ही बेतलेली आहेत. रक्ताचा लोंढा सावरून ते हातापायांत साचू न देणे हे झडपांचे काम, असा गुरूंचा समज होता. शिष्याने त्याच हातावर दोन बोटे ठेवली आणि चित्राचा अर्थ पालटला!

प्रयोग आपल्यालाही जमेल. पट्टा घट्ट बांधण्याच्या भानगडीत वर्गात पडू नये. हात थोडा वेळ खाली सोडला तरी शिरा उठून दिसतात. कोपराखाली एखादी सरळ शीर निवडून मनगटाकडच्या बाजूला एका बोटाने दाबावी. दुसऱ्या बोटाने तेथून कोपराकडे रक्त सारत एखादी गाठ ओलांडावी व ते बोट उचलावे. गाठीच्या वर शीर फुगलेली, खाली रिकामी. वरचे रक्त मागे येत नाही. आता खालचे बोट उचलले की शीर खालून क्षणात भरते. एका दाबात किती रक्त वर सरकते याचा अंदाज करून त्याला हजारांनी गुणा, असे हार्वे सुचवतो. एवढे रक्त येते कोठून?

झडपा केवळ रक्त खाली पडू नये म्हणून असतील, या शंकेलाही त्याचे उत्तर आहे: मानेतील शिरांच्या झडपा हृदयाकडे, म्हणजे खालच्या दिशेने उघडतात. आमच्या मते पुस्तकातील सर्वांत चोख युक्तिवाद हाच.

उणीव नाही असे नाही. मांडणीत पुनरुक्ती आहे. रोहिणीतले रक्त शिरेत कोणत्या वाटेने जाते, हे हार्वेला दाखवता आले नाही. केशवाहिन्या माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात १६६१ साली पाहिल्या. हार्वे १६५७ सालीच वारला होता. शिवाय चित्रातल्या शिरा व गाठी इतक्या ठसठशीत आहेत की तसाच हात शोधणारा विद्यार्थी निराश होईल.

पण आपले तक्ते याहून सदोष आहेत. त्यांत लाल आणि निळ्या नळ्या असतात, त्वचेखालच्या शिरा मात्र नसतात. अंगठ्याच्या बाजूने खांद्यापर्यंत चढणारी सिफॅलिक, करंगळीच्या बाजूने येऊन दंडाच्या मध्याजवळ खोल शिरणारी बॅसिलिक आणि कोपराच्या खळगीत त्यांना जोडणारी तिरकी शीर, जिच्यातून बहुधा तपासणीचे रक्त काढतात. ही जोडणी प्रत्येकात सारखी नसते; एकाच व्यक्तीच्या दोन हातांतही फरक आढळतो. त्यात आपला ‘नीला’ हा शब्द! शिरांतले रक्त निळे असते असे मुले त्यावरून समजतात. ते गडद लाल असते. निळी छटा त्वचेत प्रकाश ज्या तऱ्हेने विखुरतो व शोषला जातो त्यामुळे भासते. शब्द बदला असे आम्ही म्हणत नाही, पण तक्त्याखाली एक ओळ तरी छापावी. आणि गुबगुबीत हातांच्या मुलांना शिरा दिसल्याच नाहीत, तर वर्गातील एखाद्या सडपातळ मुलाचा हात सर्वांना दाखवावा.