झाडाला टेकलेली बंदूक

दिवाळी अंकातल्या टीकालेखात कुठलेसे पुस्तक हाती असावे, लेखकाचे दोन गुण आणि एखादा दोष सांगितलेला असावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. या लेखात तसे पुस्तक नाही. ज्या कलाकृतीविषयी मला लिहावयाचे आहे तिला कर्ता नाही, आरंभ नाही आणि शेवटही नाही. ती एक गंजलेली शिकारी बंदूक आहे. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, छायाचित्रांतूनच पाहिली आहे. पण गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला तिने जे शिकविले, ते पुष्कळशा जाड ग्रंथांनी मला शिकविले नव्हते.

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या पूर्व टोकाला ‘ग्रेट बेसिन’ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारंजी आणि घसरगुंड्या येतात; येथे तसे काही नाही. उंच डोंगर, कोरडी दरी आणि मैलोगणती पसरलेली खुरटी झाडे, असा तो मुलूख. तिथल्या नद्यादेखील समुद्रापर्यंत जात नाहीत. वाटेतच जिरतात किंवा आटून जातात. नोव्हेंबर २०१४ मध्ये उद्यानाचे कर्मचारी जुन्या वस्तीच्या खुणा शोधीत हिंडत असताना त्यांतील एकाची नजर एका जुनिपरच्या झाडावर खिळली. त्या झाडाच्या खोडाला एक बंदूक टेकून उभी होती.

पडलेली नव्हे, टाकलेली नव्हे, टेकून ठेवलेली. आपण देवळात जाताना काठी भिंतीला टेकून ठेवतो, तशी. तिचा लाकडी दस्ता उन्हापावसाने भेगाळून करडा झाला होता आणि त्याचे खालचे टोक मातीत काही इंच रुतले होते. नळी गंजून तपकिरी झाली होती. झाडाचा आणि बंदुकीचा रंग इतका एक झाला होता की, जवळून जाणाऱ्यालाही ती दिसू नये.

तिच्यावर ‘मॉडेल १८७३’ अशी अक्षरे कोरलेली होती. म्हणजे ती विंचेस्टर कंपनीची, दस्त्यापुढची कडी खालीवर करून एकामागून एक गोळ्या झाडता येणारी, त्या काळी घरोघर ठाऊक असलेली बंदूक. अंगावरच्या क्रमांकावरून ती १८८२ साली कारखान्यातून बाहेर पडली असे कळले. ती कोणाच्या हाती गेली, हे मात्र कारखान्याच्या वहीत लिहिलेले नव्हते. या जातीच्या बंदुका १८७३ ते १९१६ या काळात सात लाख वीस हजारांवर झाल्या. एकट्या १८८२ साली पंचवीस हजारांहून अधिक. आरंभी पन्नास डॉलर असलेली तिची किंमत त्या सुमारास पंचवीसपर्यंत उतरली होती. तेव्हा ही काही राजाची तलवार नव्हे. कोणा गुराख्याची, खाणीवरच्या मजुराची किंवा लहानशा शेतकऱ्याचीही ती असू शकेल.

बातमी पसरली आणि जो तो गोष्टी रचू लागला. हे साहजिकच आहे. भिंतीवर बंदूक दिसली की ती नाटक संपण्यापूर्वी उडालीच पाहिजे, हा चेखॉव्हच्या नावावर सांगितला जाणारा नियम आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. झाडाला बंदूक टेकलेली आहे, मग धनी कुठे गेला? मी आमच्या नववीच्या वर्गाला हा निबंधाचा विषय दिला होता. चाळीसपैकी बहुतेकांनी त्या शिकाऱ्याला मारून टाकले. कोणी अस्वलाच्या हातून, कोणी बर्फात, कोणी दरोडेखोरांकडून. मुलांना मी दोष देत नाही. आपणच त्यांना तसे वाचावयास शिकविले आहे.

याच बंदुकीवर १९५० साली अँथनी मान या दिग्दर्शकाने ‘विंचेस्टर ७३’ नावाचा चित्रपट काढला. नायक जेम्स स्ट्युअर्ट. जुन्या पाश्चात्त्य चित्रपटांचा ज्यांना शौक आहे त्यांना तो आठवत असेल. १८७६ सालच्या स्वातंत्र्यदिनी डॉज सिटी गावी नेमबाजीची शर्यत लागते, नायक ती जिंकतो आणि बक्षीस म्हणून हजारांत एक अशी उत्कृष्ट बंदूक मिळवितो. ती लगेच चोरली जाते. मग चोराकडून व्यापाऱ्याकडे, तेथून आदिवासी नायकाकडे, पुढे एका भित्र्या तरुणाकडे, त्याच्याकडून एका गुंडाकडे, अशी हातोहात फिरत ती अखेर धन्याकडे परत येते. जिच्या हाती ती लागते त्या माणसाचा स्वभाव ती उघडा करते, ही कल्पना खरोखरच सुरेख आहे. चोर हा नायकाचा सख्खा भाऊ आणि बापाचा मारेकरी, हे उलगडते तेव्हा प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो. चित्रपट उत्तम आहे, यात वाद नाही.

तरीही नेवाडातले ते झाड पाहिल्यानंतर मला या चित्रपटाचा रेखीवपणा खटकू लागला. त्यातली बंदूक क्षणभरही एकटी नसते. तिचा प्रत्येक धनी आपल्याला ठाऊक, प्रत्येकाचा शेवट ठाऊक. जगात असे होत नाही. जगात सात लाख वीस हजार बंदुका असतात आणि त्यांतली एखादी एका माणसाने एका दुपारी झाडाला टेकलेली असते. बस्स, एवढेच.

आता या कलाकृतीवर ज्यांनी संस्कार केले त्यांच्याविषयी. बंदूक वायोमिंग राज्यातील कोडी गावच्या शस्त्रसंग्रहालयात पाठविण्यात आली. तेथे इस्पितळात नेऊन तिची क्ष-किरणांनी तपासणी झाली. आत गोळी भरलेली नव्हती. पण दस्त्याच्या टोकाशी सफाईची सळई ठेवण्याचे जे पोकळ घर असते, त्यात एक काडतूस सापडले. ते १८८७ ते १९११ या काळात तयार झालेले होते. एवढ्या पुराव्यावर त्यांनी किती बोलावे? एवढेच, की १८८७ पूर्वी ही बंदूक झाडाशी ठेवलेली नाही. त्यापुढे एक अक्षर नाही. या संयमाला मी उत्तम लेखणीचा संयम म्हणतो. त्यांनी गंज घासून काढला नाही, दस्त्याला नवे लाकूड जोडले नाही, नळीला चकाकी आणली नाही. सुटणारे लाकूड तेवढे सुटू नये म्हणून घट्ट केले आणि आहे ती अवस्था राखून बंदूक उद्यानाला परत दिली. आज ती तेथील प्रदर्शनात मांडली आहे, आणि तीदेखील सापडली तशीच, झाडाला टेकलेली.

या मांडणीत मला एकच दोष दिसतो, आणि तो नावात आहे. तिला ‘विसरलेली विंचेस्टर’ म्हणतात. नाव कानाला गोड आहे. पण विसरली हे कोणी सांगितले? पंचवीस डॉलरची वस्तू गरीब माणूस विसरत नाही. कदाचित तो दहा दिवस तिला शोधीत हिंडला असेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिले होते की, तो हरणाचा माग पाहावयास चार पावले पुढे गेला आणि वळून पाहतो तो सगळी झाडे सारखी. तिने त्याला मारले नाही, विसराळूही ठरविले नाही. फक्त झाडांतून हिंडत ठेवले. मी तिला सर्वांत अधिक गुण दिले. नंतर शिक्षकांच्या खोलीत बसलो असता मात्र मला स्वतःची लाज वाटली. तिचे कारण सांगतो.

मी चौथीत असताना आमचे काका घरातून निघाले ते परत आले नाहीत. दिवस आषाढातले, धो धो पाऊस, आणि त्यांची छत्री मात्र पडवीतल्या खुंटीवर. भर पावसात माणूस छत्री ठेवून का जातो, या एका प्रश्नावर आमच्या घराने पुढची कित्येक वर्षे काढली. मोठेपणी मी पहिली कादंबरी लिहिली ती त्याच प्रश्नावर. शेवटच्या प्रकरणात मी काकांना नदीच्या पुरात बुडविले. परीक्षकांनी शेवटाची विशेष वाखाणणी केली. ‘अटळ’ असा शब्द एकाने वापरला होता.

काकूंनी पुस्तक चार दिवसांत वाचून संपविले. चष्मा काढून त्या म्हणाल्या, “छान लिहिलं आहेस हो. पण ते बुडाले, हे तुला कुणी सांगितलं रे?”

त्यांच्या कपाळावर कुंकू होते. ते अजून आहे. मी ते एका प्रकरणात पुसून टाकले होते, आणि लोकांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती. काकू पुढे काहीच बोलल्या नाहीत. उठून चहा टाकावयास गेल्या. मला उत्तर देता आले नाही, कारण उत्तर एकच होते. कोणीच सांगितले नव्हते. मला शेवट हवा होता म्हणून मी तो केला.

लेखकाने कल्पना करू नये, असे मी म्हणत नाही. मग आम्ही लिहावे तरी काय? पण कल्पनेने रिकामी जागा भरणे वेगळे आणि ती जागा ज्याची आहे त्याच्या हातून काढून घेणे वेगळे. कोडीच्या त्या माणसांना हा फरक उमगला होता, आणि त्यांच्यापुढे तर ज्याचे मन दुखावेल असे जिवंत माणूसही नव्हते. माझ्यापुढे होते. रोज संध्याकाळी ती पडवीत दिवा लावी, खुंटीच्या अगदी खाली.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती या वर्षी निघते आहे. शेवटचे प्रकरण मी काढून टाकले आहे. आता गोष्ट खुंटीवरच्या छत्रीपाशी थांबते. प्रकाशक नाखूष आहेत. पुढे काय झाले असे वाचक विचारतील, असे त्यांचे म्हणणे. विचारोत. आमच्या घरातही ते अजून विचारले जाते, आणि विचारणारे माणूस पाडव्याच्या दिवशी अजूनही एक पाट जास्त मांडते.