योग्यता आधी की ‘योग्ग’ आधी?

विद्या नाकारली गेल्याचा विषय निघाला की आपल्या लेखकांस प्रथम एकलव्य आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. महाभारताच्या आदिपर्वातील ही कथा म्हणजे निषादपुत्रास दाराबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा कबुलीजबाबच होय. परंतु या प्रतीकाची एक मर्यादा आहे, ती येथे मांडावयाची आहे. एकलव्य असामान्य होता. द्रोणाच्या मातीच्या प्रतिमेपुढे शिकून त्याने भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारले. त्याचा दाखला देताना आपण नकळत असे सुचवितो, की हा अन्याय गुणवंतावर झाला म्हणूनच तो अन्याय. मग जो गुणवंत नाही, त्याचे काय?

चाळिशी ओलांडल्यावर पनवेलच्या एका कराटे वर्गात आम्ही नाव घातले, तेव्हा हा प्रश्न ग्रंथाबाहेर येऊन आमच्यापुढे उभा राहिला. आठ-दहा वर्षांची मुले जी पावले दोन दिवसांत उचलीत, ती आम्हांस दोन महिन्यांत साधली नाहीत. ‘हे अंगातच असावे लागते,’ असे कोणी सहज म्हणाले. वाक्य निरुपद्रवी वाटते. परंतु याच विचाराने आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर बसविले.

बौद्ध वाङ्मयात यावर उत्तर शोधणारे बहुधा चूळपंथक स्थविरांकडे वळतात. चार महिन्यांत एक गाथाही पाठ न झालेले हे भिक्खू तथागतांनी दिलेले स्वच्छ वस्त्र चोळता चोळता अर्हत झाले. कथा हृद्य आहे. तथापि जातक-अट्ठकथा त्यांच्या मंदत्वाचे आणि यशाचेही कारण पूर्वजन्मात शोधते. मंद बुद्धीचे मूळ पूर्वकर्मात दाखविणे आणि हीन मानलेल्या जन्माचे मूळ पूर्वकर्मात दाखविणे, यांत तर्काच्या दृष्टीने अंतर ते कोणते? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धान्ताची केलेली चिकित्सा विसरून ही कथा सांगणे आम्हांस उचित वाटत नाही.

अंगुत्तरनिकायाच्या नवकनिपातात ध्यानाच्या विवेचनात आलेली एक उपमा आम्ही अधिक मोलाची मानतो. धनुर्धर किंवा त्याचा शिष्य गवताच्या पुतळ्यावर अथवा मातीच्या ढिगावर सराव करतो आणि कालांतराने दूरवर बाण टाकणारा, क्षणात वेध घेणारा होतो. त्याचे कुळ, वय, उपजत गुण यांविषयी उपमा काहीच विचारीत नाही. येथे सरावासाठी ‘योग्ग’ हा शब्द आहे. संस्कृतातही ‘योग्या’ म्हणजे अभ्यास, विशेषतः शस्त्राभ्यास. मराठीतील ‘योग्यता’ याच कुळातली. आपण मात्र तिला प्रवेशाची अट करून ठेवले आहे. पालीतील ‘योग्ग’ ही आधी असावी लागणारी गोष्ट नाही. ती करावयाची गोष्ट आहे. एकलव्याने मातीत गुरू पाहिला. हा धनुर्धर मातीला केवळ लक्ष्य मानतो. येथे अंगठा मागणारा कोणी नाही.

वर्षभराने आमचा पहिला काता पुरा झाला, तोही चुकांसह. यात मिरविण्यासारखे काही नाही. परंतु विहारातील पाली वर्गाच्या दाराशी एखादी साठीची उपासिका ‘आता आमचे पाठांतराचे वय राहिले नाही’ म्हणून थबकते, तेव्हा तिला एकलव्याची थोरवी सांगून उपयोग नाही. तिला गवताचा पुतळा दाखवावा आणि आत बसवून घ्यावे.