‘आवडी’ : प्रेम करण्याचा हक्क कोणाला?

मराठी प्रणयकादंबरीचा विचार ना. सी. फडके यांना वगळून करता येत नाही. ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९) यांसारख्या कादंबऱ्यांनी पांढरपेशा वाचकाला प्रेम कसे करावे हे शिकविले. या प्रेमाच्या आड पैसा येतो, गैरसमज येतो, तिसरे माणूस येते. जात सहसा येत नाही. नायक-नायिका जिथे भेटतात त्या दिवाणखान्यात कोणाला प्रवेश द्यायचा, हे कादंबरी सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते.

फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली होती. आमच्या हातकणंगले तालुक्यातील माणगावी मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांची परिषद भरली. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडेच बोट दाखविले. जे कायद्याला आणि चळवळीला दिसले, ते प्रेमावरच जगणाऱ्या कादंबरीला दिसू नये? याला कलावाद म्हणून सोडून देता येणार नाही.

वारणेपलीकडच्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी ‘आवडी’त हा पडदा फाडला. चौगुल्यांची आवडी धनाजी रामोश्यावर जीव लावते आणि सख्ख्या भावाच्या हातून मरते. इथे खलनायक बाहेरून आणावा लागत नाही. घराण्याची अब्रू हाच खलनायक आहे, आणि तिची किंमत बाईच्या रक्ताने मोजली जाते.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. फडके शिकविताना वर्गातली मुले स्वतःला नायकाच्या जागी ठेवून हसतात. ‘आवडी’वर बोलू लागलो की तोच वर्ग गप्प होतो. प्रत्येकाला आपले आडनाव आठवते.

अण्णा भाऊंवरही टीका झाली पाहिजे. त्यांची भाषा प्रसंगी नाटकी होते. त्यांची नायिका बहुधा असामान्य रूपवती असते. हा दागिना त्यांनी प्रस्थापित कादंबरीकडूनच उसना घेतला आहे. उन्हात रापलेली, भांगलणीला जाणारी साधी पोरही प्रेमाला पात्र आहे, हे आपल्या लेखकांनी अजून ठासून लिहायचे आहे.

‘सैराट’ (२०१६) पाहून महाराष्ट्र हादरला. १९६९ साली निधन पावलेल्या अण्णा भाऊंनी ते रक्त कितीतरी आधी दाखविले होते. तेव्हा समीक्षेने त्याला रंजन म्हटले, कारण तिच्या लेखी प्रेम दिवाणखान्यातच घडत होते. प्रेमकथा कितपत गोड आहे हे नंतर पाहू. तिच्यात प्रेम करण्याचा हक्क कोणाकोणाला आहे, हे आधी विचारले पाहिजे.