इटालियन भाषेच्या अध्ययनातील प्रादेशिक भूगोल : झाडीपट्टीच्या संदर्भात एक समीक्षा

प्रास्ताविक :

परकीय भाषेच्या पाठ्यपुस्तकात त्या देशाच्या भूगोलाला सामान्यतः एखाद्या प्रकरणाची जागा दिलेली असते. इटालियन भाषेच्या बाबतीत हे प्रकरण बहुधा एका नकाशाने सुरू होते. नकाशावर वीस प्रदेश वेगवेगळ्या रंगांत दाखविलेले असतात. प्रत्येक प्रदेशाची राजधानी, एखादी प्रसिद्ध वास्तू आणि एखादा खाद्यपदार्थ नोंदविलेला असतो. विद्यार्थी ही माहिती पाठ करतो आणि पुढील धड्यात क्रियापदाच्या काळांकडे वळतो. भूगोल आणि व्याकरण यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे त्याला शेवटपर्यंत जाणवत नाही. या मांडणीची समीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सावलीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बसून इटालियनच्या अध्यापनाचा विचार कशासाठी, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, भाषा शिकविताना विद्यार्थ्याच्या हाती कोणता भूगोल द्यावयाचा, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकासमोरही तितकाच उभा आहे. परक्या उदाहरणात तो अधिक स्वच्छ दिसतो, इतकेच.

नकाशावरील वीस प्रदेश :

वीस प्रदेशांची यादी वस्तुतः प्रशासनाची आहे, भाषेची नाही. १९४८ साली अमलात आलेल्या राज्यघटनेने प्रदेशांची व्यवस्था मान्य केली. परंतु सर्वसाधारण प्रदेशांच्या परिषदांची पहिली निवडणूक १९७० साली झाली. मोलीझे हा प्रदेश आब्रुत्सोपासून १९६३ मध्ये वेगळा झाला. पाच प्रदेशांना विशेष स्वायत्ततेचा दर्जा आहे. त्यांपैकी व्हाल्ले द'आओस्तामध्ये फ्रेंचला इटालियनच्या बरोबरीचे स्थान आहे, तर बोल्त्सानो प्रांतात जर्मन बोलणारे बहुसंख्य आहेत. यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला या सीमा जणू निसर्गाने आखून दिल्या आहेत असे वाटते. त्या कोणी, केव्हा व का आखल्या, हा प्रश्नच त्याच्या मनात उत्पन्न होत नाही.

भाषेचा नकाशा निराळा आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी दान्तेने लोकभाषेवरील आपल्या लॅटिन ग्रंथात आपेन्निनो पर्वताची रांग दुभाजक मानून तिच्या दोन्ही बाजूंच्या चौदा बोलींची गणना केली. आधुनिक भाषाशास्त्र ला स्पेत्सियापासून रिमिनीपर्यंत एक रेषा कल्पिते. तिच्या उत्तरेकडील बोली आणि दक्षिणेकडील बोली यांत ध्वनिव्यवस्थेचे मूलभूत भेद आढळतात. ही रेषा एमिलिया-रोमान्या व तोस्काना यांच्या दरम्यानच्या डोंगराळ भागातून जाते. नदी, डोंगर आणि दळणवळण यांनी भाषा कशी घडविली, हे येथे प्रत्यक्ष पाहता येते. आणि नेमके हेच पाठ्यपुस्तकाच्या नकाशात नसते.

व्याकरणातील भूगोल :

भूगोल वगळल्यामुळे व्याकरणाचेही नुकसान होते. इटालियनमध्ये भूतकाळाची दोन रूपे विशेष महत्त्वाची आहेत : पास्सातो प्रॉस्सिमो आणि पास्सातो रेमोतो. नियम असा सांगितला जातो की, पहिले रूप वर्तमानाशी संबंध असलेल्या घटनेसाठी व दुसरे दूरच्या, संपलेल्या घटनेसाठी वापरावे. प्रत्यक्ष बोलण्यात उत्तर इटलीतील माणूस दुसरे रूप जवळजवळ वापरत नाही, तर सिसिलीत सकाळी घडलेल्या घटनेसाठीही ते ऐकू येते. विद्यार्थ्याला हे न सांगितल्यास तो सिसिलीच्या माणसाला अशुद्ध ठरवितो. शब्दसंग्रहाचेही तसेच आहे. कलिंगडाला उत्तरेत अंगुरिया म्हणतात, तर मध्य इटलीत कोकोमेरो. यांतील कोणताही शब्द चुकीचा नाही. प्रत्येकाला स्वतःचा मुलूख आहे.

प्रमाण इटालियन ही प्रथमतः ग्रंथांतून पसरलेली भाषा होय. बेम्बो याने १५२५ मध्ये पेत्रार्का व बोक्काच्चो यांच्या फ्लोरेन्टाईन भाषेला आदर्श ठरविले. १५८३ मध्ये स्थापन झालेल्या क्रुस्का अकादमीने १६१२ मध्ये आपला शब्दकोश प्रसिद्ध केला. तरीही १८६१ मध्ये देश एकसंध झाला तेव्हा इटालियन बोलू शकणारे लोक केवळ अडीच टक्के होते, असा अंदाज तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात मांडला. पुढे कास्तेल्लानी यांनी हा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास नेला. कोणताही अंदाज स्वीकारला तरी बहुसंख्य लोकांसाठी राष्ट्रभाषा ही शाळेत शिकावयाची भाषा होती, हे स्पष्ट होते.

साहित्य आणि भाताची बांधी :

साहित्याच्या अभ्यासातही हा मुद्दा निर्णायक ठरतो. मांझोनीच्या ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’ या कादंबरीचा आरंभ कोमो सरोवराच्या भूवर्णनाने होतो. १८२७ च्या आवृत्तीनंतर लेखक फ्लोरेन्सला गेला आणि तेथील जिवंत बोलीच्या आधारे त्याने संपूर्ण भाषा सुधारून १८४० ते १८४२ या काळात नवी आवृत्ती काढली. भूमी लोम्बार्दीची आणि भाषा फ्लोरेन्सची, हा या अभिजात कृतीतील अंतर्विरोध आहे. व्हेर्गाने १८८१ मध्ये ‘ई मालाव्होल्या’ लिहिताना वेगळा मार्ग पत्करला : शब्द इटालियन ठेवून वाक्याची घडण सिसिलीच्या कोळी लोकांच्या बोलण्याजवळ नेली. पासोलिनीने १९४२ मधील आपला पहिला काव्यसंग्रह आईच्या मुलखातील फ्रिउली भाषेतच लिहिला. प्रदेश व भाषा यांच्यातील नात्याची ही तीन भिन्न उत्तरे होत. वीस रंगांच्या नकाशावरून यांतील एकही समजू शकत नाही.

आमच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा वाटेल असा इटलीचा भाग व्हेर्चेल्ली, नोव्हारा व पाव्हिया येथील भातशेतीचा आहे. युरोपीय संघात तांदळाचे सर्वाधिक उत्पादन इटलीत होते. १८६६ मध्ये सुरू झालेल्या काव्हूर कालव्याने पो नदीचे पाणी या शेतांत आणले. भातातील तण काढण्यासाठी व रोवणीसाठी इतर प्रदेशांतून स्त्रियांचे जथे येत. त्यांना मोन्दिने म्हणत. १९४९ चा ‘रिझो आमारो’ हा चित्रपट त्यांच्या जीवनावर आहे. ‘रिझो’ या शब्दाचे भात आणि हसू असे दोन्ही अर्थ होतात. चिखलात उभे राहून रोवणी करणाऱ्या स्त्रिया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या श्लेषातील कडवटपणा टिपेवाचून कळेल.

झाडीपट्टीचा संदर्भ :

वैनगंगेच्या काठचा सावली तालुका हा भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा प्रदेश आहे. नदीपलीकडील गडचिरोली १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणून अलीकडची बोली पलीकडे बदलली नाही. बांधी, धुरा, बोडी, पऱ्हे, रोवणी हे शब्द येथील शेतीचे आहेत. ग्रियर्सनने १९०५ च्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींची नोंद केली, पुढे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला स्वतंत्र अधिष्ठान मिळवून दिले. झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तथापि भाषेच्या वर्गात या भूगोलाचे स्थान काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

येथे एक कबुली देणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या निबंधातील ‘पऱ्हे’ या शब्दाखाली प्रस्तुत लेखकाने लाल रेघ मारून वर ‘रोपे’ असे लिहिले होते. त्या शब्दात चूक काहीच नव्हती. शब्द, अनुभव आणि शेत हे तिघेही तिचे होते. परके होते ते फक्त तपासणाऱ्याच्या मनातील प्रमाणभाषेचे चित्र.

तुलनेच्या मर्यादा :

ही तुलना ताणून चालणार नाही. इटलीतील ज्यांना ‘बोली’ म्हणतात, त्या बहुतांशी इटालियनपासून निघालेल्या नसून लॅटिनपासून स्वतंत्रपणे विकसित झालेल्या भगिनी भाषा आहेत. झाडीबोली हे मराठीचेच रूप आहे. गोंडी व माडिया यांचा प्रश्न आणखी निराळा, कारण त्या द्रविड कुळातील आहेत. इटलीने १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने बारा अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिले, मात्र सिसिलीयन व नेपोलिटन यांना त्यात स्थान नाही. आपल्याकडे गोंडीचा आठव्या अनुसूचीत समावेश नाही. मान्यतेची रेषा कोठे ओढावयाची, हा वाद दोन्हीकडे आहे.

नवशिक्याला इतकी विविधता गोंधळात टाकेल, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु सर्व रूपे बोलता यावीत असा आग्रह येथे नाही. विद्यार्थ्याने प्रमाण रूप वापरावे आणि इतर रूपे त्यांच्या मुलखासह ओळखावीत, इतकेच अपेक्षित आहे.

निष्कर्ष :

१. भाषेच्या अभ्यासक्रमात प्रादेशिक भूगोल हे परिशिष्ट नसून व्याकरण, शब्दसंग्रह व साहित्य यांचा पाया आहे.

२. प्रशासकीय नकाशाच्या जोडीला पर्वत, नद्या, पिके व बोली दाखविणारा नकाशा दिला पाहिजे.

३. प्रत्येक प्रदेशाची ओळख खाद्यपदार्थाऐवजी तेथील श्रम, स्थलांतर आणि एखाद्या साहित्यकृतीतून करून द्यावी.

४. मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना प्रादेशिक शब्द आणि अशुद्ध शब्द यांत भेद करण्याचा निकष विभागाने आधीच ठरवावा.

यांतील चौथी सूचना अमलात आणण्यासाठी कोणत्याही नव्या पाठ्यपुस्तकाची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या सत्राच्या पहिल्या बैठकीत तिचा विचार होऊ शकतो.