‘गोपनीय’ या पदाचा कर्ता

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर जी मोहीम झाली, तिचा बेत आधी कळता तर ती फसली असती, हे सांगण्यास इतिहाससंशोधक नको. मात्र गड हाती आल्यावर तो बेत झाकून ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही. राज्यव्यवहारातील गुप्ततेस कार्यसिद्धीबरोबर असा शेवट असावा. आजच्या शासकीय मराठीत तो दिसत नाही. त्याचे एक कारण आम्हांस ‘गोपनीय’ या शब्दाच्या घडणीत आढळते.

‘गुप्त’ आणि ‘गोपनीय’ ही दोन्ही पदे ‘गुप्’ या रक्षणार्थक धातूची. पहिले स्थिती सांगते : वस्तू झाकलेली आहे. दुसऱ्यातील ‘अनीय’ प्रत्यय योग्यता सांगतो : ती झाकली जावी. म्हणजे ‘गोपनीय’ हे वर्णन नसून निर्णय होय. पण निर्णय करणारा त्या पदात कोठेच दिसत नाही. शिक्का मारणारा अधिकारी काय किंवा सभागृहात तो शब्द उच्चारणारा मंत्री काय, दोघेही कागदाचा अंगभूत गुणच सांगत असल्याप्रमाणे बोलतात.

राम प्रधान समितीचे प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर शासननिर्णयाने नेमलेल्या या समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. जूनमध्ये विधिमंडळापुढे आला तो त्यावरील कार्यवाहीचा वृत्तान्त. मूळ अहवाल सुरक्षेच्या सबबीवर मागेच राहिला. प्रश्नपत्रिका दडवून उत्तरपत्रिका वाचून दाखवावी, त्यातलाच हा प्रकार. पुढे मजकूर वृत्तपत्रांतून फुटला, आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात अहवाल पटलावर आला. सभासदांपासून जे राखले, ते वाचकांच्या हाती आधी पडले!

येथेही एका शब्दाने काम केले. १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाच्या कलम ३(४) अन्वये आयोगाचा अहवाल, कार्यवाहीच्या निवेदनासह, सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. प्रधान समिती ही ‘समिती’ होती, त्या अधिनियमाखालचा ‘आयोग’ नव्हे; तेव्हा ते बंधन तिला लागले नाही. अर्थात ‘आयोग’ म्हटल्याने सारे साधते असेही नाही. आदर्श आयोगाचा अंतिम अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला आणि डिसेंबरात मांडला गेला.

सुरक्षेचा मुद्दा पोकळ आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण तो ठरवावयाचा कोणी? कॅनडात अफगाण बंदिवानांविषयीच्या कागदपत्रांवरून हाच वाद उद्भवला, तेव्हा सभापती पीटर मिलिकन यांनी २७ एप्रिल २०१० रोजी निर्णय दिला की, कागदपत्रे मागविण्याचा अधिकार सभागृहाचाच. मात्र सुरक्षा सांभाळून ती कशी पाहावीत, याचा मार्ग पक्षांनी दोन आठवड्यांत काढावा. तेथे ‘गोपनीय’ला कर्ता मिळाला.

आपल्याकडे मंत्र्यांच्या गोपनीयतेच्या शपथेचा दाखला देण्यात येतो. आमदार ती शपथ घेत नाहीत, मग त्यांस कागद कसे दाखवावेत, असा हा युक्तिवाद. परंतु संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील त्या शपथेतच अपवाद आहे : मंत्री म्हणून कर्तव्य पार पाडण्यास आवश्यक असेल तेवढे सांगता येते. अनुच्छेद १६४ ने मंत्रिमंडळास विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार केले आहे. तेव्हा सभागृहास उत्तर देणे हे त्या कर्तव्यात मोडत नाही, हे दाखविण्याची जबाबदारी युक्तिवाद करणाऱ्यांवर येते.